चांगली शाळा कोणी ठरवली? बोरीवलीपासून सुरू होणारा एक इतिहास

परीक्षा संपायच्या आधीच बोरीवलीत पुढच्या वर्षाच्या ॲडमिशनचे बॅनर लागतात. लिंक रोडला, आयसी कॉलनीत, योगीनगरच्या नाक्यावर. आयसीएसई, सीबीएसई, केंब्रिज, आयबी. काही ठिकाणी ज्युनिअर केजीची फी वर्षाला लाखांत जाते. त्याच रस्त्यावर जुनी अनुदानित मराठी शाळा असते, आणि जरा पुढे महापालिकेची. तीन वर्षांच्या मुलाचे आईवडील रात्री जेवणं आटोपली की मोबाईलवर रिव्ह्यू वाचत बसतात आणि एकमेकांना विचारतात, "एवढे पैसे घालायचे, पण शाळा खरंच चांगली आहे का?"

या लेखात मी कुठल्याही शाळेची शिफारस करणार नाही. मला हा प्रश्नच तपासायचा आहे. पेटची तयारी करणारे किंवा सिनॉप्सिस लिहिणारे अनेकजण "मुंबई उपनगरातील खाजगी शाळांचा दर्जा : एक अभ्यास" अशा धर्तीचं शीर्षक घेऊन गाईडकडे जातात. गाईड पहिला प्रश्न विचारतात, "दर्जा म्हणजे काय?" तिथे गाडी अडते. पालकांची गाडीही तिथेच अडलेली असते, फक्त त्यांना ते विचारणारं कोणी नसतं.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला या कोंडीतून एक वाट काढता येते. "दर्जा म्हणजे काय" हा प्रश्न जरा वळवून असा विचारायचा : शाळेचा दर्जा वेगवेगळ्या काळात कोणी मोजला, कशाने मोजला आणि कोणाच्या सोयीसाठी मोजला? असं विचारलं की एक गोष्ट लक्षात येते. पालकांनी शाळा पारखायला वापरलेली जवळजवळ प्रत्येक फूटपट्टी दुसऱ्याच कुणीतरी, दुसऱ्याच कामासाठी बनवलेली होती. पालकांनी ती उसनी घेतली. आजच्या महागड्या शाळेची पारख करतानाही आपण तेच करतो. हे कसं घडत गेलं ते क्रमाने पाहू.

मंडपेश्वरच्या माथ्यावरचं कॉलेज

सुरुवात बोरीवलीतूनच करू. आयसी कॉलनीला लागून मंडपेश्वरची शैव लेणी आहेत. लेण्यांच्या माथ्यावर पडक्या भिंती दिसतात, त्या पोर्तुगीज काळातल्या. सोळाव्या शतकाच्या मध्यात आंतोनियो दो पोर्तो या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने लेण्याचं चर्च केलं आणि वर मठ व कॉलेज उभं राहिलं. पोर्तुगालच्या राजाने लावून दिलेल्या उत्पन्नावर ते चालत होतं. साष्टी बेटावर नव्याने ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांची मुलं तिथे शिकावीत असा हेतू होता. १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत साष्टी आणि वसई मराठ्यांकडे आली आणि ते कॉलेज संपलं.

ती चांगली शाळा होती का? आपल्याकडची माहिती मिशनच्या कागदांतून आणि युरोपीय प्रवाशांच्या वर्णनांतून येते. किती मुलं आहेत, इमारत किती भव्य आहे, राजाचा पैसा कसा सत्कारणी लागतोय, असं ते लेखन आहे. म्हणजे ज्याने पैसे दिले त्याला दाखवण्यासाठी. मुलांना काय आलं, घरच्यांना काय वाटलं, याबद्दल हे कागद गप्प असतात. चालकांनी स्वतःबद्दल लिहिलेला मजकूर आणि शाळेचं मूल्यमापन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजचं गुळगुळीत ब्रोशर हाती घेताना ही ओळ डोक्यात ठेवा. स्रोत-चिकित्सेचा पहिला धडा हाच : कागद कोणी, कोणाला उद्देशून लिहिला?

डिपोटी साहेबाची फूटपट्टी

आता तीनेकशे वर्षं पुढे येऊ. १८५४ च्या वुडच्या खलित्यात सरकारने धोरण ठरवलं की सगळ्या शाळा स्वतः काढायच्या नाहीत, खाजगी शाळांना अनुदान द्यायचं. अनुदान द्यायचं तर कुणाला किती, हे ठरवायला मोजमाप हवं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्यात "निकालाप्रमाणे अनुदान" ही पद्धत आली. इंग्लंडमध्ये १८६२ च्या नियमांनी अशीच पद्धत सुरू झाली होती. इन्स्पेक्टर शाळेत यायचा, मुलांची वाचन, लेखन, गणितात परीक्षा घ्यायचा, आणि किती मुलं पास झाली त्यावर शाळेचे पैसे ठरायचे.

गावोगावच्या शाळांत डिपोटी साहेब येणार म्हटलं की काय धांदल उडायची, हे जुन्या मराठी आठवणींतून आपल्याला माहीत आहे. शाळा सारवली जायची, मुलांना धुतलेले कपडे घालून यायला सांगितलं जायचं, ठरावीक धडे घोकून घेतले जायचे. ही फूटपट्टी सरकारी तिजोरीच्या हिशोबासाठी होती, पण जे मोजलं जातं तेच शिकवलं जातं हा तिचा परिणाम वर्गापर्यंत पोचला.

या पद्धतीवरची एक टीका आपल्याच मातीतली आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. सरकारचा महसूल रयतेच्या कष्टातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे झुकतो, हा त्यांचा आक्षेप आपण सगळे वाचतो. बारा वर्षांपर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही मागणीही पाठ असते. पण त्याच निवेदनात निकालाप्रमाणे अनुदानाबद्दलही मत आहे आणि ते फारसं कुणी सांगत नाही. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : ज्या समाजांत शिक्षणाची गोडी अजून लागलेली नाही, तिथे ही पद्धत उपयोगाची नाही. अशा वस्तीत स्वतःच्या हिमतीवर शाळा काढायला कोणी मास्तर तयार होणार नाही, कारण त्याचं पोट त्यावर भरणार नाही.

हा मुद्दा नीट उलगडून पाहा. निकालावर पैसे मिळणार असतील तर शाळा कुठे निघेल? जिथली मुलं आधीच तयार आहेत तिथे. फुल्यांच्या टीकेचा अर्थ आजच्या भाषेत मांडला तर तो असा : निकाल हा शाळेने काय शिकवलं याइतकाच शाळेत कोण आलं याचा पुरावा असतो. संशोधनपद्धतीच्या पुस्तकात याला सिलेक्शनचा प्रश्न म्हणतात. आपल्याकडे तो १८८२ सालीच मांडला गेलेला आहे. तुमच्या लिटरेचर रिव्ह्यूमध्ये तो यायला हरकत नाही.

मॅट्रिकचा निकाल आणि सतरा नंबरचा फॉर्म

सरकारची फूटपट्टी इन्स्पेक्टरच्या हातात होती. पालकांच्या हाती लागलेली पहिली फूटपट्टी म्हणजे मॅट्रिक. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं आणि १८५९ साली पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा झाली. म. गो. रानडे आणि रा. गो. भांडारकर त्या पहिल्या तुकडीतले. ही परीक्षा विद्यापीठाने आपल्या सोयीसाठी काढली होती : कॉलेजात कोणाला घ्यायचं हे ठरवण्यासाठी. शाळांची तुलना करणं हा तिचा उद्देश नव्हता. पण निकाल छापून यायचे, आणि छापून आलं की तुलना होतेच. संस्कृतात पहिल्या येणाऱ्याला जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळायची. चिंतामणराव देशमुखांनी ती १९१२ साली मिळवली. एखाद्या शाळेला किती "शंकरशेट" मिळाल्या हे लोक बोटांवर मोजत.

उपनगरांत मध्यमवर्गीय वस्ती वाढली तशी ही फूटपट्टी गाडीने उत्तरेकडे सरकली. पार्ल्यात १९२१ साली पार्ले टिळक विद्यालय सुरू झालं. बोरीवलीपर्यंत विजेची लोकल १९२८ साली धावायला लागली. दादरला १९४० साली दादासाहेब रेग्यांनी बालमोहन काढली. स्वातंत्र्यानंतर परीक्षा विद्यापीठाकडून निघून एसएससी बोर्डाकडे गेली. निकालाची पूजा मात्र तशीच राहिली, उलट गुणवत्ता यादीमुळे वाढली. बोर्डात पहिल्या तीसांत कोण आलं, आणि कुठल्या शाळेचं, हे जूनमधल्या वर्तमानपत्राचं पहिलं पान असायचं.

आता त्या "शंभर टक्के निकाल" कडे संशोधकाच्या नजरेने पाहू. शंभर टक्के म्हणजे बसलेल्यांपैकी शंभर टक्के. बसले कोण? कच्च्या मुलाला नववीत थांबवणं, प्रिलिममध्ये कमी पडलेल्याचा फॉर्म अडवणं, पालकांना बोलावून "दुसरीकडे बघा" सुचवणं, किंवा सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायला लावणं, हे प्रकार मुंबईत वाढलेल्या कुणालाही नवे नाहीत. ज्यांनी टक्का खाली आणला असता ते मोजणीच्या आधीच बाहेर गेलेले असतात.

हे तपासता येतं का? येतं. शाळेच्या आठवीच्या पटावर किती मुलं होती आणि दोन वर्षांनी दहावीला त्यातली किती बसली, हे दोन आकडे शेजारी ठेवा. पट मोठा आणि बसलेले कमी असतील तर निकालाचा टक्का काही सांगत नाही. अर्थात काही मुलं बदलीमुळे किंवा बोर्ड बदलल्यामुळेही जातात. म्हणून एका वर्षाचा फरक पाहून शाळेवर शिक्का मारू नका, पाचसात वर्षांची ओळ काढा.

१९५४ : दोन वडील कोर्टात जातात

आतापर्यंतच्या फूटपट्ट्या शिकवण्याबद्दल होत्या, निदान वरवर तरी. आता माध्यमाचा प्रश्न येतो आणि चित्र बदलतं.

वुडच्या खलित्याला बरोबर शंभर वर्षं झाली तेव्हा, जानेवारी १९५४ मध्ये, मुंबई राज्याच्या सरकारने आदेश काढला. इंग्रजी माध्यमाच्या वर्गात यापुढे फक्त अँग्लो-इंडियन आणि आशियाई वंशाचे नसलेले नागरिक यांच्याच मुलांना प्रवेश द्यायचा. बाकीच्यांनी आपापल्या भाषेत शिकावं. धोरणामागचा विचार स्पष्ट होता : देश स्वतंत्र झालाय, मुलांनी देशी भाषांत शिकलं पाहिजे.

नाशिकजवळ देवळालीला बार्न्स हायस्कूल होतं, बॉम्बे एज्युकेशन सोसायटीचं. संस्थेने कोर्टात धाव घेतली, आणि तिच्यासोबत दोन वडीलही गेले. एक भारतीय ख्रिस्ती, दुसरे गुजराती हिंदू. दोघांनाही आपलं मूल त्या शाळेत घालायचं होतं आणि आदेशामुळे प्रवेश मिळत नव्हता. मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि मे १९५४ मध्ये तिथेही हरलं. न्यायालयाचं म्हणणं असं की सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत केवळ भाषेच्या कारणावरून प्रवेश नाकारणं हा राज्यघटनेच्या कलम २९(२) चा भंग आहे, त्यामागचा हेतू कितीही चांगला असो.

हा निकाल कायद्याचे विद्यार्थी अल्पसंख्याकांच्या हक्कांसाठी वाचतात. आपण तो पालकांसाठी वाचू. हे दोघे वडील शाळेचा निकाल किती लागतो यासाठी भांडत नव्हते. आपलं मूल कुठल्या जगात जाईल, हे ठरवण्याचा हक्क ते मागत होते. देवळालीची शाळा त्या जगाचं दार होती. शाळा "चांगली" असण्याचे दोन अर्थ इथे वेगळे होतात. पहिला, ती मुलाला किती शिकवते. दुसरा, ती मुलाला कोणाशी जोडते. बोलताना आपण दोन्हींसाठी एकच शब्द वापरतो आणि गोंधळ तिथून सुरू होतो.

दादरच्या नोंदी काय सांगतात

हा दुसरा अर्थ आकड्यांत पकडणारा एक अभ्यास मुंबईवरच झालेला आहे. कैवान मुन्शी आणि मार्क रोझेन्झवाइग या अर्थशास्त्रज्ञांनी दादरमधल्या शाळांच्या वीसेक वर्षांच्या प्रवेशांचा आणि त्या कुटुंबांच्या उत्पन्नाचा अभ्यास केला. तो २००६ साली 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू' मध्ये आला. प्रश्न असा : नव्वदच्या दशकात इंग्रजीमुळे मिळणारा आर्थिक फायदा वाढला, तर मग कोणती कुटुंबं मराठी माध्यमातून इंग्रजीकडे वळली आणि कोणती नाही?

उत्तर गमतीचं आहे. कामगार जातसमूहांतले मुलगे मराठी शाळेतच जात राहिले. कारण गिरणीत, कारखान्यात, बंदरात चिकटवून देणारं नात्यागोत्याचं जाळं त्यांच्या पाठीशी होतं, आणि त्या कामाला इंग्रजी लागत नव्हतं. त्याच घरांतल्या मुलींना हे जाळं कधीच उपयोगी पडलेलं नव्हतं. म्हणून त्या मोकळ्या होत्या आणि इंग्रजी शाळांकडे वेगाने वळल्या. एकाच घरात भाऊ मराठी माध्यमात आणि बहीण इंग्रजीत, आणि यात मुलीचं पारडं जड! शाळेची निवड ही घराच्या कमाईच्या वाटांशी बांधलेली असते, हे यातून दिसतं. पद्धतीच्या दृष्टीने बघाल तर त्यांनी "कुठली शाळा चांगली" हा प्रश्नच विचारला नाही. "कोण, कधी, कुठे वळलं" हे विचारलं, आणि त्याचं उत्तर शाळांच्या रजिस्टरांत सापडतं.

फी हीच फूटपट्टी झाली

आता आजच्या बोरीवलीत येऊ. गेल्या पंचवीसेक वर्षांत तीन गोष्टी एकामागून एक घडल्या. २००० साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याच दशकात मुंबईत आयबी आणि केंब्रिजच्या शाळा वाढू लागल्या. आयबीची संस्था १९६८ साली जिनिव्हात सुरू झाली, ती देशोदेशी बदली होणाऱ्या कुटुंबांच्या मुलांना एकसारखी परीक्षा मिळावी म्हणून. म्हणजे ही फूटपट्टीसुद्धा दुसऱ्याच कामासाठी बनलेली. तिसरी गोष्ट, २०१२ चा स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा, ज्याने अनुदान न घेता नवी शाळा काढण्याचा रस्ता मोकळा केला.

बोर्ड वेगळी, परीक्षा वेगळ्या, गुणवत्ता यादी बंद. नवी शाळा असेल तर दहावीची पहिली तुकडी बाहेर पडायलाच दहा वर्षं लागणार. मग पालकाने तुलना कशाने करायची? उरली फी. जास्त फी म्हणजे जास्त चांगली शाळा, असा अर्थ आपोआप लावला जातो.

पण फी हा शाळेच्या उत्पन्नाचा आकडा आहे. त्यातून काय कळतं? जमिनीची किंमत, इमारतीचं भाडं किंवा कर्ज, पगार, जाहिरात, आणि शेजारचं कुटुंब किती देऊ शकतं हे. यातलं शिकवण्याशी थेट संबंधित फक्त पगार, आणि नेमका तोच आकडा ब्रोशरमध्ये नसतो.

कायद्याने इथे पालकांच्या हाती काही साधनं दिलेली आहेत. महाराष्ट्रात कॅपिटेशन फीवर १९८७ पासून बंदी आहे. फी ठरवण्याच्या पद्धतीचा कायदा २०११ साली झाला आणि त्याचा अंमल २०१४ पासून. त्यानुसार शाळेत पालक-शिक्षक संघ हवा, त्याच्या कार्यकारी समितीत प्रत्येक इयत्तेचा पालक सोडतीने निवडला जायला हवा, फीचा प्रस्ताव या समितीपुढे यायला हवा, आणि मंजूर फी दोन शैक्षणिक वर्षांसाठी लागू राहते. नंतरच्या दुरुस्तीमुळे मात्र पालकांना विभागीय समितीकडे तक्रार न्यायची तर २५ टक्के पालक एकत्र यावे लागतात. दुसरीकडे सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या टी. एम. ए. पै निकालात सांगितलं आहे की विनाअनुदानित संस्था आपली फी ठरवू शकते आणि वाढीसाठी वाजवी शिल्लकही ठेवू शकते, नफेखोरी मात्र करू शकत नाही. वाजवी शिल्लक कुठे संपते आणि नफेखोरी कुठे सुरू होते, यावर वीस वर्षं वाद चालू आहेत. संशोधनाला विषय हवा असेल तर हा आहे.

फीचा हिशोबही एका वर्षाचा करून चालत नाही. समजा पहिल्या वर्षी २ लाख फी आहे आणि ती सरासरी वर्षाला १० टक्के वाढली. बाराव्या वर्षी ती सुमारे ५ लाख ७१ हजार होईल आणि बारा वर्षांची बेरीज सुमारे ४२ लाख ७७ हजार. बस, गणवेश, सहली आणि क्लास वेगळे. ज्या घराला पहिल्या वर्षी फी जेमतेम झेपते, त्या घरातलं मूल सातवी-आठवीत शाळा बदलायच्या वेळेला येऊ शकतं. त्या वयात मित्र, भाषा, बोर्ड सगळं एकदम बदलणं मुलाला जड जातं. म्हणून "आत्ता परवडते का" यापेक्षा "शेवटपर्यंत परवडेल का" हा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

मग महागड्या शाळेने फरक पडतो का?

इथे सिलेक्शनचा प्रश्न पुन्हा समोर येतो. महागड्या शाळेतल्या मुलांचे मार्क चांगले असतात. पण त्यांच्या घरी पुस्तकं असतात, शिकलेले आईवडील असतात, ट्यूशन असते. मार्कांतला किती वाटा शाळेचा आणि किती घराचा? १९६६ साली अमेरिकेतल्या कोलमन अहवालाने दाखवलं की मुलांच्या यशातला मोठा फरक शाळांच्या सोयींपेक्षा घरच्या परिस्थितीने समजावता येतो. तेव्हापासून हा वाद संपलेला नाही.

हे दोन वाटे वेगळे करायला संशोधक दोन युक्त्या वापरतात. पहिली सोडत. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी आंध्रच्या ग्रामीण भागात सोडतीने काही मुलांना खाजगी शाळेची फी भरून दिली. अर्ज सगळ्यांनी केला होता, म्हणजे घरची इच्छा सारखीच. नशिबाने काहींना मिळालं, काहींना नाही. दोन आणि चार वर्षांनी पाहिलं तर तेलुगू आणि गणितात दोन्ही गटांत फरक नव्हता. हिंदीत खाजगी शाळेची मुलं पुढे होती, कारण तिथे ती जास्त शिकवली जात होती. खाजगी शाळांचा दर मुलामागचा खर्च मात्र सरकारी शाळांपेक्षा खूप कमी होता. त्या स्वस्त शाळा होत्या, त्यामुळे हा निष्कर्ष बोरीवलीच्या लाखांच्या शाळेला जसाच्या तसा लावू नका. युक्ती मात्र शिकून घ्या.

दुसरी युक्ती कटऑफची. अब्दुलकादिरोग्लू, अँग्रिस्ट आणि पाठक यांनी २०१४ मध्ये बोस्टन आणि न्यूयॉर्कच्या प्रवेश-परीक्षा घेणाऱ्या नामवंत शाळा तपासल्या. कटऑफच्या किंचित वर आणि किंचित खाली असलेली मुलं जवळजवळ सारखीच असतात. एक आत गेलं, एक बाहेर राहिलं. पुढे दोघांच्या परीक्षेतल्या गुणांत फारसा फरक सापडला नाही. नामवंत शाळेत हुशार मुलं दिसतात कारण हुशार मुलंच आत घेतलेली असतात.

आपल्याकडे सोडत आहे का? आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १२(१)(ग) नुसार खाजगी विनाअनुदानित शाळांत २५ टक्के जागा दुर्बल व वंचित गटांतल्या मुलांसाठी आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या खाजगी शाळांना यातून सूट दिली होती. बोरीवलीसारख्या दाट वस्तीत यातून किती शाळा सुटल्या असत्या याचा विचार करा. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो बदल रद्द केला. फुल्यांनी १८८२ साली विचारलेलं, ज्यांना शाळेची सर्वात जास्त गरज आहे त्यांच्यापर्यंत ती पोचते का, ते आजही कोर्टाच्या कागदांवर आहे.

थोडक्यात, महाग शाळा मुलाला कोणाच्या शेजारी बसवते हे फीमुळे जवळजवळ नक्की होतं. ती मुलाला किती शिकवेल हे फीमुळे नक्की होत नाही. काही पालकांना पहिलीच गोष्ट हवी असते, आणि तसं असेल तर ते स्वतःशी स्पष्ट म्हणावं. दुसरी गोष्ट हवी असेल तर वेगळे प्रश्न विचारावे लागतात : शिक्षक सरासरी किती वर्षं टिकतात? मागच्या वर्षी किती सोडून गेले? मधल्या इयत्तांत किती मुलं गळाली आणि का? वर्गात मागे पडलेल्या मुलासाठी शाळा स्वतः काय करते, की ट्यूशन लावायला सांगते? कार्यकारी समितीतल्या पालकांची सोडत खरोखर झाली का?

सिनॉप्सिस लिहिणाऱ्यांसाठी

बोरीवलीवर काम करायचं असेल तर एक सूचना. महापालिकेची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत १ फेब्रुवारी १९५७ ला आली. त्याआधीच्या इथल्या प्राथमिक शाळांचे कागद मुंबईच्या दफ्तरात शोधून थकू नका, ठाणे जिल्ह्याच्या कागदांकडे वळा. एकोणिसाव्या शतकासाठी शिक्षण खात्याचे वार्षिक अहवाल, विद्यापीठाची कॅलेंडरं आणि एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार. विसाव्या शतकासाठी शाळांच्या रौप्य आणि सुवर्णमहोत्सवी स्मरणिका. त्या कौतुकाने भरलेल्या असतात, पण मागच्या पानांवर देणगीदारांची, माजी शिक्षकांची यादी असते आणि ती सोन्यासारखी.

सर्वात मोलाचा कागद म्हणजे शाळेचं जनरल रजिस्टर. मूल कुठून आलं, कधी आलं, कधी गेलं, कुठल्या इयत्तेतून गेलं आणि सोडण्याचं कारण. आठवी ते दहावीची गळती तिथेच दिसते. ही मुलांची खाजगी माहिती आहे, म्हणून शाळेची लेखी परवानगी आणि विद्यापीठाच्या नीती समितीची मंजुरी आधी घ्या, आणि नावं तुमच्या वहीत उतरवूच नका. हल्लीच्या वर्षांसाठी यूडायसवर इयत्तावार पट आणि शिक्षकसंख्या पाहता येते.

आणि शीर्षक बदला. "खाजगी शाळांचा दर्जा : एक अभ्यास" ऐवजी "बोरीवलीतील पालकांची शाळानिवड आणि निवडीचे निकष, १९५७ ते २०१२" असं काही करून पाहा. पहिल्या शीर्षकाला उत्तर नाही, दुसऱ्याला आहे. मुलाखती घ्यायला गेलात की तीन पिढ्यांना एकच प्रश्न विचारा : "ही शाळा चांगली आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं?" आजोबा बहुतेक एखाद्या मास्तरांचं नाव घेतील. बाकीच्या दोन पिढ्या काय म्हणतात ते लिहून घ्या, तुमचं दुसरं प्रकरण तिथून सुरू होईल.